माझ्या पायावर झालेली परीक्षा

साल २०२३. माझं वय एकाहत्तर. चौथीत शाळा सुटली आणि पुढं जन्मभर ट्रकचं स्टिअरिंग धरलं. शेवटची काही वर्षं मौद्याच्या वीजघराची राख वीटभट्ट्यांवर पोचवायचो. ती राख डोळ्यात जायची, कानात जायची, डब्यातल्या पोळीत जायची. तरी या अंगाला दवाखान्याचा पलंग कधी लागला नव्हता. त्याचा मला गर्व होता. गर्व असला तर काय बिघडलं, असं माझं मत आजही आहे.

त्या वर्षी जानेवारीत नागपुरात हुडकेश्वरला आमच्या घराशेजारच्या प्लॉटवर चौकीदारानं शेकोटी पेटवली होती. मी जाऊन बसलो, पाय लांब केले. गप्पा रंगल्या. मध्येच चौकीदार म्हणाला, "बाबूजी, कुछ जल रहा है." मी म्हटलं, तुझी भाजी लागली असेल. लागली होती माझी चप्पल. रबर वितळून उजव्या तळव्याला चिकटलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. साखरेच्या बिमारीनं तळव्यातला जीव आधीच गेला होता. घरचे उपाय करून बघितले. पाय सुजला, वास मारायला लागला, तेव्हा मिहानमधल्या कंपनीत कामाला असलेल्या माझ्या मुलानं माझं काही ऐकलं नाही. उचलून ऑटोत टाकलं आणि सरकारी दवाखान्यात नेऊन भरती केलं.

तिथं सकाळी डॉक्टर फिरून गेले की नर्सिंगच्या पोरी यायच्या. पांढरे कोट, केस जाळीत बांधलेले, छातीशी घड्याळ लटकवलेलं. त्यांच्यामागं त्यांना शिकवणारी मॅडम. पोरी पुस्तकात शिकतात ते मॅडमच्या नजरेखाली आमच्या अंगावर करून दाखवतात, अशी तिथली पद्धत. पद्धतीला माझी ना नव्हती. क्लीनरही गाडीवरच गाडी शिकतो. पण गाडीला लाज नसते.

पहिल्याच दिवशी मॅडम आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पेनाच्या टोकानं माझ्या पायावरची चादर सारली, पायजमा गुडघ्याच्या वर नेला आणि पोरींना म्हणाली, "हा डायबेटिक फूट. जवळ या, नीट बघा. दुरून काय दिसणार?" सगळ्या पोरी वाकल्या. माझ्या नातीच्या वयाच्या पोरी, आणि मी मांडी उघडी टाकून पडलेलो. मी पायजमा खाली ओढला.

"मॅडम, मी जिता आहो," मी म्हटलं. "इचारून हात लावत जा."

"आजोबा, शिकायला नको का त्यांना?"

"शिकवा ना. पण माह्यावर नाही. माह्या पायाले सिस्टर सोडून कोणी हात लावाचा नाही."

शेजारच्या पलंगावर एक पानठेलेवाला होता. पाठीवरचं मोठं गळू कापलेलं, म्हणून दिवसभर पालथा पडून असायचा. तो उशीत तोंड खुपसून हसला. मॅडमनं पेनाला टोपण लावलं आणि दुसऱ्या पलंगाकडं वळली. त्या दिवसापासून मी वॉर्डात आडमुठा म्हणून ओळखला जाऊ लागलो, आणि मला ते चालत होतं.

आता खरी अडचण त्या पोरींची होती. प्रत्येकीला या वॉर्डात जखमेचं ड्रेसिंग मॅडमसमोर करून दाखवायचं होतं, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. पोरी जास्त आणि जखमा कमी. कोणाचे टाके निघाले, कोणी घरी गेला. पोरी सकाळी दारातून आत आल्या की आधी पलंग बघायच्या, कोण उरलं म्हणून. बस स्टँडवर जागा धरायला लोक खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं एकेक पोरगी एकेका जखमेवर रुमाल टाकून ठेवायची. पानठेलेवाल्याच्या पाठीसाठी दोघींचं भांडण झालेलं मी ऐकलं. आणि मी, चांगली मोठी जखम घेऊन बसलेला, कोणाच्या कामाचा नव्हतो.

त्यातली एक पोरगी भांडत नव्हती. अंगानं बारीक, सावळी. तिचा नंबर दरवेळी मागं राहायचा. एकदा तिनं सगळ्यांसमोर मॅडमला सांगितलं, "मॅडम, या पेशंटले ताप आहे," तर मॅडम म्हणाली, "पेशंटले नाही, पेशंटला. वॉर्डात शुद्ध बोलायचं. हे तुझं गाव नाही." बाकीच्या पोरी खाली बघून हसल्या. हसणाऱ्यांतल्या निम्म्या घरी तशाच बोलत असतील, हे मी पैजेवर सांगतो.

एका दुपारी ती एकटीच माझ्या पलंगाशी आली. चादरीला हात लावला नाही. उभी राहिली.

"आबाजी, पाय पाहू का?"

"काहून? तुह्या मॅडमनं पाठवलं?"

"नाही जी. मीच आली. तुम्ही हो म्हणसान तरच पाहीन."

"अन् नाही म्हटलं त?"

"त जाईन ना परत. मी का तुमचा पाय उचलून घेऊन जाणार आहो?"

मला हसू आलं. दाखवला पाय. तिनं हात न लावता वाकून पाहिला, तोंड वाकडं केलं नाही, नाक दाबलं नाही. कुठली म्हणून विचारलं तर मौद्याच्या पुढचं गाव निघालं. त्या रस्त्यानं मी किती वेळा गेलो असेन. तिच्या गावाच्या वळणावर चहाची टपरी होती, ती अजून आहे का, असं विचारलं. म्हणाली, टपरी गेली, आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. मग म्हणाली, "तुमचे ट्रक जात त आमच्या घरी वाळवणावर राख पडे. माही आई तुमच्या नावानं बोटं मोडे."

"माह्या नावानं?"

"नाव नव्हतं माहीत. राखवाल्याच्या नावानं."

अशी ती बोलायची. दोन-तीन दिवसांत तिनं आपली गोष्टही सांगितली. हे ड्रेसिंग तिचं राहून गेलं होतं. या शनिवारी त्यांचं या वॉर्डातलं काम संपणार होतं. तोवर दाखवलं नाही तर वर्ष जाणार. आणि वर्ष गेलं तर तिच्या बापानं आधीच सांगून ठेवलं होतं, सामान बांधून घरी ये, झालं तेवढं शिक्षण बस्स.

"मंग त्या पानवाल्याच्या पाठीवर काहून नाही केलं?" मी विचारलं.

"तिथं नंबर नाही लागला."

"भांडाचं ना मंग."

"भांडली त मॅडम म्हणते, भाषाही गावची अन् भांडणही गावचं."

मी म्हटलं, "चाल, माह्या पायावर कर. सांग तुह्या मॅडमले, म्हातारा हो म्हणते. पण तूच करशीन त. दुसरी नाही."

शुक्रवारी सकाळी तिचा नंबर लागला. ट्रॉली आली. ट्रेमध्ये उकळून आणलेले चिमटे, गॉजच्या घड्या, वाटीत औषध. बाकीच्या पोरी अर्धगोलात उभ्या. मॅडम पायथ्याशी. पोरीनं हात धुतले, आणि मग ते हातमोजे घातले, जे पाकिटातून निघाले की जखम आणि चिमटा सोडून दुसऱ्या कशालाही लागायचे नसतात. तेवढं मलाही आता पाठ झालं होतं. सिस्टर रोज करायची तेव्हा हात असे वर धरून उभी राहायची, जणू कोणी बंदूक रोखली आहे.

माझा उजवा पाय तिच्यासमोर पलंगावर. डावा मी खाली सोडला होता. क्लच दाबून दाबून त्या गुडघ्याची वाट लागली आहे, पलंगावर लांब केला की ठणकतो.

पोरीनं जुनी पट्टी चिमट्यानं उचलली. चिकटली होती तिथं औषध सोडलं, थांबली, मग काढली. कडेच्या चामडीला मला थोडं लागलं, पण मी चेहरा हलवला नाही. हात अजिबात थरथरत नव्हता तिचा. मॅडम दोनदा "हं" म्हणाली. त्या बाईचं "हं" म्हणजे पुष्कळ.

मग गॉज घ्यायला ती ट्रॉलीकडं सरकली आणि तिचा बूट माझ्या खाली सोडलेल्या डाव्या पायाला लागला. जोरात नाही. नुसता लागला.

आपल्याकडं मोठ्या माणसाला पाय लागला की काय होतं, ते सांगायला नको. डोकं विचार करायच्या आत हात जातो. ती झटकन वाकली, माझ्या डाव्या पायाला हात लावला आणि तोच हात आपल्या छातीला लावला. हातमोज्यासकट.

सगळ्या पोरींनी एकदम श्वास ओढला. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचा हात अजून छातीवरच होता.

"थांब," मॅडम म्हणाली. "काय केलंस तू? हे देऊळ आहे का पाया पडायला? तुमच्या गावात चालत असेल हे सगळं. आता ते हात जखमेला लावणार होतीस? काढ ते. आणि दुसरे..."

पुढं मी बोलू दिलं नाही. 'गावात' हा शब्द आला आणि माझं डोकं फिरलं.

"ओ मॅडम," मी ओरडलो, वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जावं असं. "नातीवाणी पोरगी आहे, माह्या पायाले हात लावला तिनं! त्याच्यात तुमच्या बापाचं काय गेलं? तुमच्या बापानं नाही शिकवलं वाटते तुम्हाले!"

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती पोरींकडं बघत नव्हती आणि पोरी तिच्याकडं बघत नव्हत्या. मी उघड्या जखमेसकट पाय ओढून चादरीखाली घेतला. "आता कोणीच हात लावू नका," मी म्हटलं. "सिस्टरही नाही."

मॅडम पोरीला हळू आवाजात म्हणाली, "पेशंटला तू असं डोक्यावर बसवून ठेवलंस. ट्रॉली घेऊन जा." आणि निघाली. जाताना पलंगाच्या कडेला क्षणभर हात टेकून उभी राहिली. तेव्हा मला दिसलं, तिच्या चपलेच्या पट्ट्याभोवती दोन्ही पाय सुजून वर आले होते. सकाळपासून उभीच असणार. दिसलं म्हणून लिहिलं. तेवढ्यानं मला तिची काही कीव आली नाही.

पानठेलेवाला उशीतून म्हणाला, "ड्रायव्हर साहेब, ब्रेक नाही का हो तुमच्या गाडीले?"

"तू पाठ सांभाळ आपली."

मला वाटलं होतं, पोरीच्या बाजूनं मी एकटा तरी उभा राहिलो. दुपारी ती येईल, डोळे पुसेल, आबाजी तुम्हीच होते म्हणेल. ती आली. डोळे कोरडे होते.

"तुम्हाले कोणी सांगतलं होतं मधात बोलाले?"

"वं बाई, तुह्यासाठीच बोललो ना. अशी बोलली ती तुले."

"बोलते ती. सगळ्यायलेच बोलते. दोन वर्षं झाले, ऐकूनच राहिली ना मी? मले सवय आहे, आबाजी. थे 'दुसरे' म्हणत होती, दुसरे ग्लोव्ह्ज घाल अन् पुढं चाल म्हणून. हातमोज्याची चूक एक डाव माफ असते आमच्यात. अजून दोन मिनिटात झालं असतं माहं. तुम्ही तिच्या बापावर गेले."

"मले का माहीत..."

"माहीत नव्हतं त चूप राहाचं ना."

माझ्याशी या आवाजात घरातसुद्धा कोणी बोलत नाही. मी म्हटलं, "मी जाऊन सांगतो मॅडमले, पोरीची चूक नाही म्हणून."

"काही सांगू नका. चुकलो म्हणा फक्त. सगळ्यायच्या समोर बोलले तुम्ही, सगळ्यायच्याच समोर म्हणा." तिचा आवाज इथं जरा फाटला. "मॅडम म्हणते, पेशंट तुह्यामुळं बिघडला. जोपर्यंत तो सुधरत नाही, तोपर्यंत या वॉर्डात तुले ट्रॉली नाही. अन् उद्या शनिवार आहे."

एवढं बोलून ती गेली. रोजच्यासारखं 'येते आबाजी' म्हटलं नाही.

आता चुकलो म्हणणं हा माझ्याकडं कधी नसलेला माल. एकदा मालकाच्या भाच्यानं गाडी ठोकली आणि नाव माझं पुढं केलं. मालक म्हणाला, नुसतं चुकलं म्हण, विषय संपवतो. मी चावी त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो. पुढचा पावसाळा काम नव्हतं. बायकोच्या कपाळाची आठी पुसली गेली नाही, तेव्हापासून. नाक्यावरच्या शिपायाला नाही म्हटलं, आरटीओला नाही म्हटलं, सख्ख्या भावालाही चुकलो म्हटलं नाही, आणि तो तसाच अबोल्यात मेला. आणि आता ही बाई. शिकलेली, इस्त्रीची साडी नेसलेली, माझ्या मांडीवर पेन फिरवणारी. ती आधी बोलली. तिनं त्या पोरीच्या गावाचं नाव काढलं. बापाचं तोंडातून गेलं ते वाईट गेलं असेल, पण राग खोटा नव्हता. आजही नाही.

संध्याकाळी मुलगा डबा घेऊन आला. जखम उघडीच होती. सिस्टरनं दोनदा विचारलं होतं, मी दोनदा नाही म्हटलं होतं.

"घरी घेऊन चाल मले," मी मुलाला म्हटलं.

"काय झालं आता?"

सांगितलं सगळं. तो पलंगाच्या कडेला बसून माझ्या डब्यातली पोळी मोडत होता, खात नव्हता.

"बाबा, तिचं काय होईन मग?"

"कोणाचं?"

"त्या पोरीचं. तुम्ही घरी याल, जिंकून याल. ती उद्या काय करन?"

मी म्हटलं, "तू डबा ठेव अन् जा. उशीर होते तुले." तो गेला. जाताना सिस्टरला हात जोडून काहीतरी बोलला, मग ती आली आणि मी तोंड फिरवून तिला पट्टी बांधू दिली.

अंधार पडायच्या सुमाराला पानठेलेवाल्यानं उशीतून मान वर केली. "ड्रायव्हर साहेब, एक सांगू? गुस्सा नका होऊ."

"सांग."

"उद्या त्या पोरीले माही पाठ देऊन टाकतो. सांगतलं मी सिस्टरले. पाठीले ना तोंड असते, ना तिले पाय लागते. चूपचाप पडून राहीन मी." मान माझ्याकडं वळवली. "पण ट्रॉली देणं काही माह्या हाती नाही. थे तुमच्या हाती आहे."

"मी काही करणार नाही," मी म्हटलं.

"ठीक आहे ना. मी फक्त सांगतलं." आणि त्यानं पुन्हा तोंड उशीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फिरून गेले. मी पायजमा घोट्यापर्यंत खाली ओढून बसलो, केस पाण्यानं बसवले. पोरी आल्या. ती सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, हात रिकामे. मॅडम माझ्या पलंगासमोरून माझ्याकडं न बघता पुढं जात होती.

"मॅडम," मी म्हटलं.

ती थांबली. वॉर्डातल्या सगळ्या माना इकडं वळल्या.

मी उभा राहिलो. उभं राहायला मनाई होती. डाव्या पायावर भार दिला, पलंगाचा गज धरला. "काल मी तुमच्या बापाचं नाव काढलं. चुकलं माझं. या पोरींच्या समोर सांगतो." शुद्ध बोललो, तिच्यासारखं. 'माहं' तोंडात आलं होतं, ते गिळलं.

मॅडम माझ्याकडं वळली. "ठीक आहे, आजोबा. बसा. पायावर भार देऊ नका." मग, त्या पोरीकडून जणू कधी काही काढूनच घेतलं नव्हतं अशा आवाजात, मागं न बघता म्हणाली, "तू. ट्रॉली घे. पाठीची जखम."

पडदा लागला. चिमटा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज येत होता. मॅडम एकदाही 'थांब' म्हणाली नाही. शेवटी "हं" म्हणाली, आणि पानठेलेवाला आतून म्हणाला, "झालं का पोरी? मी त झोपलोच होतो."

ती बाहेर आली तेव्हा गाल लाल झाले होते तिचे. ट्रॉली ढकलत माझ्या पलंगापाशी आली, आणि चाकं माझ्या पलंगापासून लांब ठेवून, वळसा घालून गेली. माझ्याकडं पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

मॅडमनं माझ्याकडं दुसरी पोरगी पाठवली. उंच, चष्म्याची, पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त वाकून बघणारी. तिनं विचारलं नाही, एकदम चादरीला हात घातला. मी डावा पाय वर उचलून पलंगावर घेतला, गुडघा ठणकला तरी तसाच लांब केला, आणि उजवा तिच्यासमोर सरकवून म्हटलं, "कर तुहं."